रिकामी म्हणून नाव पडलेली जागा

बीट चिरलं की हात, विळी, पाट सगळं लाल होतं. काकडीच्या कोचवलेल्या फोडींना मीठ लावून पाच मिनिटं ठेवलं की वाटीच्या तळाशी पाणी साचतं. कांदा चिरताना डोळे चुरचुरतात, आणि अळू नीट शिजलं नाही तर घशाला खाज सुटते. बिटाचा रंग, काकडीचं पाणी, अळूची खाज या सगळ्यांचा मुक्काम पेशीतल्या एकाच ठिकाणी असतो. कांद्याच्या चुरचुरण्यातही त्याच ठिकाणाचा हात असतो. शाळेच्या पुस्तकात त्या ठिकाणाला 'रिक्तिका' म्हणतात.

नववीच्या आसपास पेशीची आकृती काढताना आपण मधोमध एक मोठा आकार काढतो, तो कोरा सोडतो आणि बाण काढून 'रिक्तिका' लिहितो. केंद्रकाला ठिपके, हरितलवकांना हिरवा रंग, तंतुकणिकांना आतल्या वळ्या असं बाकी सगळ्यांना काही ना काही मिळतं. रिक्तिकेला मात्र कोरा कागद. गंमत म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या बहुतेक वनस्पतिपेशींत ऐंशी ते नव्वद टक्के जागा याच कोऱ्या आकाराने व्यापलेली असते. बाकीचा सगळा संसार भिंतीला लागून, पातळ थरात दाटीवाटीने चालू असतो. म्हणजे गुलाबाची पाकळी, पालकाचं पान किंवा टरबुजाची फोड हातात घेतो तेव्हा आपल्या हातात मुख्यतः रिक्तिकाच असतात.

एवढ्या मोठ्या, एवढ्या भरलेल्या गोष्टीला 'रिकामी' हे नाव कसं पडलं? आणि नाव चुकलं म्हणून पुढे काय काय बिघडलं? या लेखात तोच इतिहास आहे.

पाण्याच्या थेंबातले तारे

सुरुवात वनस्पतींपासून होत नाही, डबक्यातल्या पाण्यापासून होते. लाझारो स्पालान्झानी हा इटलीतला धर्मगुरू आणि निसर्गअभ्यासक. सजीव आपोआप, कशापासूनही तयार होतात या समजुतीविरुद्ध त्याने केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्याच ओघात तो सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले एकपेशीय जीव तासन् तास बघत असे. १७७६ साली त्याने या जिवांच्या अंगात दिसणाऱ्या ताऱ्यांसारख्या आकारांची नोंद केली. हे तारे ठरावीक तालात फुगत आणि मिटत होते.

पॅरामेशियमचा व्हिडिओ पाहिला असेल तर हे दृश्य तुमच्याही ओळखीचं असेल. शरीराच्या दोन टोकांना दोन गोल पोकळ्या, प्रत्येकीभोवती किरणांसारख्या नळ्या. नळ्यांतून पाणी गोळा होतं, मधली पोकळी फुगते, एकदम आकसते आणि पाणी बाहेर फेकलं जातं. काही सेकंदांनी पुन्हा तेच.

फुगणं-मिटणं बघून स्पालान्झानीला श्वास आठवला. ही श्वसनाची इंद्रियं असावीत, असं त्याला वाटलं. तर्क चुकीचा होता, पण त्याच्या काळात त्याहून बरा तर्क करणं अवघड होतं. गोड्या पाण्यात राहणाऱ्या पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरत राहतं, आणि ते उपसलं नाही तर पेशी फुटेल. ते तारे म्हणजे पावसाळ्यात तळघरात लावलेला पंप होता. पण हे समजायला आधी परासरण समजायला हवं होतं, आणि त्याला अजून शंभर वर्षं होती.

पोटं मोजणारा माणूस

पुढचा अंक बर्लिनमध्ये घडतो. क्रिस्टियान गोटफ्रीड एरेनबेर्ग हा त्या काळातला सूक्ष्मजीवांचा सर्वांत मोठा जाणकार. आलेक्झांडर फोन हुम्बोल्टबरोबर १८२९ साली त्याने रशियाचा लांबलचक प्रवास केला होता, आणि जिथे जाईल तिथली माती आणि पाणी तो तपासत असे.

एरेनबेर्गने एक साधा, सुंदर प्रयोग केला. पाण्यातल्या एकपेशीय जिवांना त्याने नीळ आणि किरमिजी रंगाचे कण खायला घातले. थोड्या वेळाने त्यांच्या अंगात रंगीत गोळे दिसू लागले. एरेनबेर्गने निष्कर्ष काढला की ही पोटं आहेत. एकेका जिवाला अनेक पोटं! या जिवांना त्याने 'अनेक पोटांचे' असं गटनावच देऊन टाकलं. १८३८ सालच्या त्याच्या भव्य ग्रंथाच्या नावातच त्याचा दावा होता: हे सूक्ष्मजीव म्हणजे 'परिपूर्ण सजीव' आहेत. हत्तीला जे असतं ते सगळं यांनाही असतं, पोट, आतडी, स्नायू. फक्त लहान.

फ्रान्समध्ये फेलिक्स द्युजार्दॅं हे वाचत होता. घड्याळजीचा मुलगा, बराचसा स्वतःच शिकलेला. त्यानेही सूक्ष्मदर्शकाखाली हेच जीव बघितले होते. त्याला आतडी दिसली नाहीत. त्याला दिसला एक चिकट, पारदर्शक, हलणारा पदार्थ. १८३५ साली त्याने त्याला 'सार्कोड' म्हटलं. पुढे ज्याला प्रद्रव्य म्हणू लागले, त्याचंच हे आधीचं रूप. द्युजार्दॅंच्या मते एरेनबेर्गची 'पोटं' एकमेकांना कुठल्याही नळीने जोडलेली नव्हती. ती त्या पदार्थात तात्पुरती तयार होत, फिरत आणि नाहीशी होत. पोटं असती तर जागच्या जागी राहिली असती.

मग त्या गोलांना म्हणायचं काय? १८४१ सालच्या पुस्तकात द्युजार्दॅंने त्यांना 'व्हॅक्युओल' म्हटलं. लॅटिनमधल्या 'रिकामा' या शब्दावरून, म्हणजे छोटीशी पोकळी.

या नावामागची भूमिका लक्षात घेतली पाहिजे. द्युजार्दॅंला त्या पोकळीचं वर्णन करायचं होतं, त्याहून जास्त एरेनबेर्गला उत्तर द्यायचं होतं. तू म्हणतोस तिथे इंद्रिय आहे, मी म्हणतो तिथे काहीच नाही. नाव वादातून आलं, आणि मुख्य मुद्द्यावर द्युजार्दॅं बरोबरही होता. एकपेशीय जीव म्हणजे लहान केलेला हत्ती नव्हे. पण एरेनबेर्गही पूर्ण चुकला नव्हता. त्या रंगीत गोळ्यांत खरंच अन्न पचत होतं. आज आपण त्यांना अन्नरिक्तिका म्हणतो. वाद जिंकणाऱ्याचा शब्द टिकला आणि हरणाऱ्याच्या म्हणण्यातला खरा भाग त्या शब्दाखाली झाकला गेला.

लगेच पुढच्या वर्षी, १८४२ साली, माथियास श्लायडेन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तोच शब्द वनस्पतिपेशींतल्या रसाने भरलेल्या जागेसाठी वापरला. पेशीतला रस आणि पेशीतला सजीव पदार्थ यांत फरक करायला त्याला शब्द हवा होता, आणि हा तयार होता. डबक्यातल्या जिवाचा पंप, त्याच जिवाचं पोट आणि फुलाच्या पाकळीतला रंगाचा साठा, तिन्ही वेगळ्या गोष्टींना आता एकच नाव होतं.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार रोजचा आहे. कुणीतरी घाईत एखाद्या व्हेरिएबलला 'टेम्प' नाव देतं. दहा वर्षांनी अख्खी सिस्टिम त्या 'टेम्प'वर उभी असते आणि नवीन आलेला प्रत्येक जण ते वाचून समजतो की हे महत्त्वाचं नसणार. भाषांतराने त्यात भर घातली. मराठीत 'रिक्तिका' झाली, म्हणजे द्युजार्दॅंचा टोमणा आपण प्रामाणिकपणे मराठीत आणला. हिंदीत 'रसधानी' असा एक शब्द आहे, रस ठेवायची जागा. तो वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातो.

सकाळी आंबट, संध्याकाळी कडवट

या वादाच्या बऱ्याच आधी भारतात केलेलं एक निरीक्षण इथे सांगायला हवं. बेंजामिन हाइन हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. आपल्याकडे कुंडीत सहज दिसणाऱ्या पानफुटीचं पान त्याने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिलं. सकाळी ते चांगलंच आंबट लागलं, दुपारपर्यंत आंबटपणा जवळजवळ गेला आणि संध्याकाळी चव कडवट झाली. लंडनच्या लिनियन सोसायटीने हे निरीक्षण १८१५ साली छापलं. हाइनकडे उपकरण होतं ते फक्त जिभेचं.

कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. पाणी वाचवण्यासाठी पानफुटी दिवसा पानावरची छिद्रं बंद ठेवते आणि रात्री उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. कुठे? रिक्तिकेत. उजाडलं की ते आम्ल बाहेर काढून सूर्यप्रकाशात त्याची साखर करते. निवडुंग आणि अननसही हेच करतात. म्हणजे हाइनच्या जिभेला लागत होती ती रिक्तिका भरण्याची आणि रिती होण्याची चव. 'रिकामी जागा' हे नाव पडायच्या आधीच ती रिकामी नसल्याचा पुरावा छापून झाला होता. फक्त या दोन गोष्टी जोडणारं तेव्हा कुणी नव्हतं.

भिंत आहे की नाही?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न बदलला. रिक्तिका म्हणजे नुसता पेशीत अडकलेला पाण्याचा थेंब, की तिला स्वतःची सीमा आहे? थेंब असेल तर त्यात अभ्यासण्यासारखं फारसं नाही. सीमा असेल तर काय आत येतं आणि काय बाहेर जातं हे कुणीतरी ठरवतंय.

हा प्रश्न हाती घेतला ह्यूगो द व्रीसने. १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा शोधणाऱ्यांपैकी एक म्हणून त्याचं नाव पुस्तकात येतं, पण त्याआधीची त्याची अनेक वर्षं परासरणावर गेली. पेशी तीव्र द्रावणात ठेवली की आतलं पाणी बाहेर पडतं आणि पेशीचा जिवंत भाग भिंतीपासून सुटून आकसतो. द व्रीसने १८८५ साली पेशी दहा टक्के सोऱ्याच्या द्रावणात ठेवल्या आणि त्यात इओसिन हा लाल रंग मिसळला. बाहेरचं पेशीद्रव मेलं आणि त्याने रंग शोषला. पण आतली रिक्तिका तशीच राहिली, गोल, ताणलेली, रंग आत न घेणारी. भोवतालचं घर पडलं तरी ती काही वेळ स्वतःच्या बळावर तग धरून होती. म्हणजे तिला स्वतःचं पटल होतं, आणि ते पटल निवड करत होतं. द व्रीसने त्याला नाव दिलं 'टोनोप्लास्ट', ताण निर्माण करणारं.

हे नाव मात्र नेमकं होतं. रिक्तिकेत क्षार, साखर, आम्लं साठतात, त्यांच्यामागे पाणी शिरतं आणि रिक्तिका फुगून पेशीभित्तिकेवर रेटा देते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त असतो. हाडं नसलेलं रोप याच दाबावर ताठ उभं राहतं. कुंडीला पाणी घालायचं विसरलो की पानं माना टाकतात, कारण रिक्तिकांतली हवा गेलेली असते. हवा कसली, पाणीच! लाजाळूची पानं मिटतात तीही देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींनी झटकन पाणी सोडल्यामुळे. वाढीचंही तसंच. रोपाला पेशी मोठी करायची तर महागडी प्रथिनं बनवत बसावं लागत नाही. रिक्तिकेत पाणी भरलं की काम झालं. बांबूचा कोंब दिवसागणिक हातभर वाढलेला दिसतो त्यामागे हीच काटकसर आहे.

द व्रीसच्या कामाला दोन अनपेक्षित फाटे फुटले. कुठल्या द्रावणात पेशी नेमकी आकसायला लागते हे बघून त्याने वेगवेगळ्या द्रावणांच्या ताकदीची तुलना केली. त्याच्या आवडत्या झाडांपैकी एक होतं ट्रॅडेस्कँशिया डिस्कलर. अकरावीच्या प्रॅक्टिकलला ऱ्हिओच्या जांभळ्या पानाची साल काढून मिठाच्या पाण्यात ठेवली असेल, तर ते हेच झाड, नाव तेवढं बदललेलं. त्याआधी विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने सच्छिद्र मातीच्या भांड्यात कृत्रिम पटल बसवून परासरणाचा दाब मोजला होता. फेफरचे हे आकडे द व्रीसने ॲमस्टरडॅममधल्या आपल्या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्याच्या कानावर घातले. सहकाऱ्याचं नाव याकोबस फान्ट होफ. त्याच्या लक्षात आलं की विरळ द्रावणं वायूंसारखेच नियम पाळतात. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं, आणि मानपत्रात परासरण दाबाचा उल्लेख होता.

दुसरा फाटा दवाखान्यात पोचला. हार्टोख हॅम्बुर्गर या डच वैद्यकशास्त्रज्ञाने द व्रीसची पद्धत वनस्पतिपेशींऐवजी रक्तातल्या तांबड्या पेशींवर वापरली. कुठल्या मिठाच्या पाण्यात त्या फुटत नाहीत? त्या शोधातून माणसाच्या रक्तासाठी ०.९ टक्क्यांचा आकडा पुढे आला. आजारी माणसाला 'सलाईन लावलं' असं आपण सहज म्हणतो. त्या बाटलीवर आजही तोच आकडा छापलेला असतो.

आत काय काय आहे

पटल सापडल्यावर आतल्या मालाची यादी वाढत गेली. बिटाचा लाल रंग रिक्तिकेतला. लिंबाचा आंबटपणा रिक्तिकेतला. अळूच्या काही खास पेशींच्या रिक्तिकांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुडी बांधून ठेवलेल्या असतात. अळूचं फदफदं करताना चिंच घालायची रीत आपल्या आज्यांनी या सुया न बघताच बसवली. कांद्यात तर दोन खोल्यांचा डाव आहे. एका रसायनाचा साठा पेशीद्रवात आणि त्याला फोडणारं विकर रिक्तिकेत. पेशी शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. विळीने मधली भिंत तुटली की दोन्ही मिसळतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. कांद्याला कुरतडणाऱ्यासाठी लावलेला हा सापळा आहे, आपण त्यात रोज सापडतो.

फुलांच्या रंगांचा हिशेबही इथलाच. गुलाबाचा लाल आणि कॉर्नफ्लॉवरचा निळा, दोन्हींच्या मुळाशी एकच रंगद्रव्य आहे हे रिशार्ड विलष्टेटरने पहिल्या महायुद्धाच्या आसपास दाखवलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी १९१५ चं नोबेल त्याला मिळालं. रस आम्लधर्मी की अल्कधर्मी यावर रंग ठरतो, असं त्याला वाटलं. कॉर्नफ्लॉवरच्या बाबतीत कारण वेगळं निघालं, तिथे धातूंचे अणू रंगद्रव्याला धरून बसतात. पण त्याची कल्पना वाया गेली नाही. निळ्या मॉर्निंग ग्लोरीची कळी जांभळट असते आणि उमलताना आभाळी होते. जपानी संशोधकांनी १९९५ साली पाकळीच्या पेशींत बारीक इलेक्ट्रोड घालून मोजलं, तेव्हा त्या वेळात रिक्तिकेचा पीएच ६.६ वरून ७.७ वर गेलेला आढळला. रंगद्रव्य तेच, फक्त त्याची खोली बदलली.

कचराकुंडीकडे बघत बसलेला माणूस

एवढं कळूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिक्तिकेची पत फारशी वाढली नव्हती. 'रिकामी'वरून ती 'अडगळीची खोली' झाली होती, इतकंच. १९५५ साली क्रिस्तियाँ द दुव्ह याने प्राण्यांच्या पेशींत लयकारिका शोधल्या, विकरांनी भरलेल्या छोट्या पिशव्या. पेशी स्वतःचाच भाग तिथे नेऊन पचवते या प्रक्रियेला १९६३ साली त्याने 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, असं नाव दिलं. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फिलिप माटिल आणि आंद्रेस व्हीमकेन यांनी दाखवलं की यीस्टमध्ये लयकारिकेचं काम रिक्तिका करते. पण स्वभक्षण घडतं कसं आणि कुठले जनुक ते चालवतात, हे कुणालाच माहीत नव्हतं.

योशिनोरी ओसुमी या जपानी संशोधकाने यीस्टच्या रिक्तिकेवर काम सुरू केलं तेव्हा त्या विषयात गर्दी नव्हती. त्याने नंतर अनेकदा सांगितलंय की हेच त्याला हवं होतं. सगळे पळतात त्या दिशेला पळायची त्याला हौस नव्हती. १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात त्याला स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली.

त्याची युक्ती समजायला सोपी आहे. यीस्टची पेशी उपाशी ठेवली तर ती स्वतःचे भाग रिक्तिकेत नेऊन पचवत असावी. पण तिथे गेलेला माल इतक्या झटपट विरघळतो की दिसणार काय? म्हणून त्याने पचवणारी विकरंच निकामी असलेले यीस्ट घेतले. डिबगिंग करणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल: शेवटची पायरी बंद पाडा आणि आधीच्या पायऱ्यांवर काय साचतं ते बघा. ओसुमीने त्या पेशी उपाशी ठेवल्या आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून बघितलं. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेल्या होत्या आणि ते गोळे आत थरथरत फिरत होते. पेशी स्वतःला खाताना दिसत होती.

पुढचं काम चिकाटीचं होतं. उत्परिवर्तन घडवलेल्या सुमारे पाच हजार यीस्टमधून, उपाशी ठेवूनही ज्यांच्या रिक्तिका भरत नाहीत असे शोधायचे. १९९३ साली मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीबरोबर त्याने पंधरा जनुकांचा छडा प्रसिद्ध केला. यातल्या अनेक जनुकांच्या जोड्या माणसातही सापडल्या. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओसुमीला एकट्याला मिळालं.

हे जनुक किती मोलाचे आहेत ते २००४ साली नोबोरू मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं. नाळ तुटल्यापासून दूध मिळेपर्यंत नवजात पिल्लाला कुठूनच अन्न मिळत नाही. त्या मधल्या वेळात पिल्लाच्या पेशी स्वतःतला थोडा भाग पचवून तग धरतात. ज्यांच्यात यातला एक जनुक नव्हता, ती पिल्लं जन्मताना जवळजवळ सामान्य दिसत होती, पण एका दिवसाच्या आत मेली. पेशीतली 'कचराकुंडी' उपासमारीच्या पहिल्याच तासांत घरातला शेवटचा डबा ठरते.

ओसुमीच्या आधीही यीस्टच्या रिक्तिका सूक्ष्मदर्शकाखाली असंख्य लोकांनी बघितल्या होत्या. यीस्टच्या पेशीत साध्या सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट दिसावी अशी तेवढी एकच गोष्ट असते. तरीही प्रश्न विचारायला वेळ लागला. त्यात उपकरणांचा दोष नव्हता. स्पालान्झानीने तारे बघितले त्याला १९८८ साली २१२ वर्षं झाली होती, आणि ओसुमीने बघितलं तेही भिंगातून, उजेडात, डोळ्यांनीच. फरक इतकाच की जिथे काही नाही असं सगळ्यांना वाटत होतं, तिथे काहीतरी येत-जात असणार, असं धरून तो बघत बसला. शाळेतल्या आकृतीत तो मधला आकार अजून कोराच असतो. पुढच्या वेळी कुणा भाचीला किंवा शेजारच्या मुलाला ती आकृती काढायला मदत कराल, तेव्हा त्यात निदान थोडा बिटाचा लाल रंग भरायला सांगा.